भिंग कुणी नेलं?

१

"प्रायमरी गेला!"

धम्मपाल सोसायटीच्या हॉलमध्ये एवढ्या मोठ्याने ओरडला की हंसाबेनच्या हातातली खाकऱ्याची डिश पडता पडता राहिली. पोरं एकदम गप्प झाली. रविवारची सकाळ होती. टेबलावर उघडलेला भला मोठा खोका आणि त्यातून काढलेली पांढरी नळी. दुर्बीण! शांती नगरातल्या आमच्या बिल्डिंगच्या आकाशदर्शन मंडळाने कित्येक महिने वाट बघून मागवलेली. नळीच्या बुडाला पोचा पडलेला, आत काचेची बारीक कणी, आणि जिथे मुख्य काच असायला हवी तिथे भोकच भोक.

"प्रायमरी म्हणजे शाळा ना?" हंसाबेननी माझ्या कानाशी विचारलं.

"मेन भिंग असणार," मागून कुणीतरी म्हणालं. झालं! भिंग फुटलं, कुरिअरवाल्याने पाडलं, तुकडे फेकून दिले, वर तोंड करून खोका देऊन गेला. चहा येईपर्यंत निकालसुद्धा लागला. धम्मपाल विज्ञानाचा मास्तर, मंडळ त्याचंच, पण तो डोकं धरून बसला होता. त्याने फोटो काढले आणि कंपनीला तक्रार ठोकून दिली.

मी वैजयंता सोनकांबळे. विमा कंपनीत सर्व्हेयर होते. ट्रकमधून, बोटीतून, गोदामातून फुटून आलेला माल बघायचा आणि तो कुठे, कसा फुटला ते सांगायचं, हेच माझं काम. रिटायर झाले तरी खोड जात नाही. सगळे नळीकडे बघत होते, मी खोका उलटापालटा करून बघितला.

चारही कोपरे शाबूत. बुडाशी थर्माकोल होता, त्याला साधा ओरखडा नाही. वरचा थर्माकोल मात्र उलटा बसवलेला. खोक्याच्या तळाशी गवताची एक हिरवी काडी पडली होती.

"बघा ताई, गवत!" धम्मपाल म्हणाला. "कुठल्यातरी मैदानात आपटलंय त्याने."

"खोका आपटला असता तर खोका चेपला असता, बाबा."

"म्हणजे?"

पत्र्याच्या नळीला पोचा आणि तिला चिकटून असलेला थर्माकोल नवाकोरा! माझ्या नोकरीत असलं काही दिसलं की आम्ही चहा बाजूला ठेवायचो. ही नळी खोक्यात असताना पडलीच नव्हती. कुणीतरी तिला बाहेर काढलं होतं, पाडलं होतं आणि परत आत ठेवलं होतं.

२

दुपारी दार वाजलं. बाहेर सुलू. हंसाबेनकडे स्वयंपाक करते. मूळची रत्नागिरीची, राहायला हाटकेशला, कारखान्यांच्या गाळ्यांमागच्या चाळीत. आणि तो कुरिअरवाला पोरगा, नीलेश, तिचाच.

डोळे सुजलेले होते बाईचे. मी तिला आत घेतलं, बसवलं.

"ताई, त्याचा आयडी काढून घेतला ओ कंपनीनं. उद्या सकाळी गोडाऊनला बोलावलंय. चोरीचं नाव लागलं की संपलं. दुसरी कुठली कंपनी उभं पण करत नाही, सगळ्यांना कळतं." तिने पदराने नाक पुसलं. "बापामागे त्या एकट्याच्या जिवावर चाललंय माझं. तुम्ही कंपनीत होता ना, तुम्ही लिहून द्या, आधीच फुटलं होतं म्हणून."

"आधी फुटलं होतं हे मला कळू तर दे."

"चोरून काय करणार ओ माझा पोरगा? फुटका आरसा कुणी घरात ठेवतं का?"

"रडू नकोस. पोहे केलेत, खा दोन घास."

"नको ताई, उपास आहे."

आमच्या घरात उपासतापास नाहीत, पण बिल्डिंगमध्ये राहून सगळ्यांचे ठाऊक असतात. "संकष्टी काल झाली ना? देशमुखांकडून मोदक आले होते मला."

"चंद्र नाही दिसला." ती जमिनीकडे बघत म्हणाली. "समोर टॉवर झालेत ना आता. केळं खाल्लंय सकाळी, चालतं मला."

"अगं, कॅलेंडरातली वेळ झाली की लोक जेवतात."

"मी नाही जेवत. सासूबाईंनी घालून दिलंय, बघितल्याशिवाय नाही."

तिने चहा तेवढा घेतला. मला त्या पोराचं वाईट वाटत होतं, आणि खरं सांगते, भीतीही वाटत होती. कारण पाडणारा तोच असला तर मी काय लिहून देणार होते?

३

धम्मपालला गाठलं. तो घरात फेऱ्या मारत होता.

"खोका आला कधी?"

"काल संध्याकाळी. मी कल्याणला होतो, भाचीच्या साखरपुड्याला. कंपनीच्या ॲपवर आहे ना, शनिवारी डिलिव्हर्ड."

"मग रात्रभर कुठे होता?"

"वॉचमनच्या केबिनमध्ये असणार." त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं.

मी खाली गेले. रामू वॉचमन खुर्चीत बसून मोबाईलवर भजन ऐकत होता.

"रामू, वो दुर्बीन का खोका कल रात तुम्हारे पास था?"

"मेरे पास? नहीं मॅडम!" तो उभाच राहिला. "वो तो आज सुबह आया. नीलेश खुद लेके आया, सीधा हॉल में रखा. मेरे केबिन में मेरेको पैर फैलाने की जगह नहीं, उतना बडा डब्बा कहां रखूंगा? आप कॅमेरा देख लो."

कॅमेरा बघायची गरज नव्हती. रामू आळशी आहे, कामचुकार आहे, पण त्याला खोटं बोलता येत नाही, लगेच कान लाल होतात. कान काळेसावळे होते तसेच होते.

राहिल्या हंसाबेन. दुर्बिणीवर त्यांचा पहिल्यापासून राग. गच्चीत दुर्बीण आली की पापड वाळवायचे कुठे, यावरून त्यांनी मीटिंगमध्ये रामायण केलं होतं.

"वैजयंताबेन, तुमी माझ्यावर डाउट करते?" त्या कणकेचे हात घेऊनच दारात आल्या. "मी भिंगला हात पण नाय लावला! आज तर माझीच वाट लागली. सुलू एवढी लेट आली की नाश्ता मलाच करायला लागला."

"लेट का?"

"बोलली, जेसल पार्कला गेलती. खाडीमधे देवाचं काय तरी विसर्जन करायला. अरे, आज कसलं विसर्जन? गणपती तर केव्हाच गेले!"

जेसल पार्कच्या जेट्टीवर लोक काय काय सोडतात ते भाईंदरमध्ये राहणाऱ्या कुणालाही विचारा. निर्माल्य, भंगलेल्या मूर्ती, देवांच्या तडकलेल्या तसबिरी. घरात ठेवायचं नाही आणि कचऱ्यातही टाकवत नाही असं सगळं. मी हंसाबेनच्या दारातून तशीच मागे वळले.

४

नीलेश संध्याकाळी हाटकेशच्या नाक्यावर भेटला. वेल्डिंगच्या दुकानाबाहेर कठड्यावर बसला होता. अंगात कंपनीचा टी-शर्ट होता, गळ्यातली आयडीची दोरी नव्हती.

"मावशी, तुम्ही उगाच फिरताय," तो म्हणाला. "माझ्याच हातून पडलं."



"कुठे?"

"गोल्डन नेस्टच्या सिग्नलला. बाईक स्लिप झाली. खोका उघडून बघितला तर भिंग फुटलेलं. घाबरलो. तुकडे काढून टाकले."

"सिग्नलला, भर रस्त्यात, एवढी मोठी नळी खोक्यातून काढलीस?"

"हो."

"भिंग कसं होतं रे?"

"कसं म्हणजे? काच. जाडी. चष्म्याची असते ना, तशी आरपार दिसणारी."

"आरपार?"

"मग? भिंगच ना. त्याच्यातूनच तर बघतात."

मी त्याच्या शेजारी बसले.

"नीलेश, त्या दुर्बिणीत भिंग नव्हतंच. मी धम्मपालचं व्याख्यान ऐकलंय, एकदा नाही, कंटाळा येईपर्यंत. त्या नळीच्या बुडाला आरसा असतो. जाडजूड, खोलगट आरसा. आकाशातलं सगळं त्यात पडतं. त्यालाच तो प्रायमरी म्हणतो. हॉलमध्ये सगळे भिंग भिंग करत होते, तेच तुझ्या कानावर आलं. तू ती वस्तू कधी बघितलीच नाहीस, लेका. मग फोडलीस कशी?"

त्याचा चेहरा उतरला.

"सकाळी उचलला तेव्हा खोका हलका लागला," तो हळूच म्हणाला. "मी काही विचारलं नाही. तुम्हीपण विचारू नका ना, मावशी. प्लीज."

५

माझ्याशी बोललेल्यांत एकाच माणसाने आरसा म्हटलं होतं. भरल्या डोळ्यांनी, माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून. आणि मी गाढव पोह्यांचा आग्रह करत होते!

एकदा तो शब्द कानात वाजला आणि बाकीचं आपोआप जुळत गेलं. खोक्यात सापडलेली काडी मी पिशवीत जपून ठेवली होती. बाहेर काढून बघितली. तीन पात्यांची. मैदानातलं गवत कसलं, ती दूर्वा होती. संकष्टीला गणपतीला वाहतात ती.

सुलू चाळीतल्या खोलीच्या दारात भाजी निवडत बसली होती. समोर टॉवरची भिंत, त्याच्या मागे दुसरा टॉवर. आकाश म्हणून जे दिसत होतं ती दोन बिल्डिंगांमधली एक फट. मी दूर्वा तिच्या ताटात भाजीवर ठेवली.

तिने बघितलं. सुरी खाली ठेवली.

"नीलेश खोका घरी ठेवून डिलिव्हऱ्या संपवायला परत गेला होता," तिने सांगायला सुरुवात केली. मी एक शब्द विचारला नव्हता. "जाताना म्हणाला, आई, याला हात लावू नको, यातनं चंद्र दिसतो, सरांचं आहे. ताई, मी पूजा केली, नैवेद्य केला, तासभर रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आले. चंद्र कुठेच नाही. तीन महिने झाले, हा टॉवर वर गेल्यापासनं हेच चाललंय. म्हटलं, देवानंच घरात पाठवलंय. एकदा बघू आणि परत ठेवू. कुणाला कळणार?"

"मग?"

"मला काय माहीत कुठनं बघायचं! मोठं तोंड होतं तिथनं आत बघितलं. आत आरसा. आणि त्यात केवढा तरी मोठा डोळा, ताई! हा एवढा! माझाच असणार, पण मी अशी दचकले. हातातनं सुटलं ते ओट्याच्या कडेवर." तिने भाजीचं ताट बाजूला सारलं. "फुटका आरसा, तो पण संकष्टीला. घरात कसा ठेवू? पोराच्या जिवाला काही झालं तर? सकाळी जाऊन खाडीत सोडला."

"आणि पोराच्या नोकरीला झालं ते?"

हे मी बोलायला नको होतं. ती तोंडात पदर कोंबून रडायला लागली, आवाज न करता. आत नीलेश उभा होता, माझ्या आधीच नाक्यावरून घरी पोचलेला. त्याला सगळं आधीच कळलं होतं, आणि ते कळल्याचं त्याने आईला कळू दिलं नव्हतं. उद्या तो गोडाऊनमध्ये जाऊन 'मीच पाडलं' म्हणणार होता आणि हीसुद्धा जाऊन 'मी फोडलं' म्हणणार होती. कुणाचंही ऐकलं तरी नोकरी जाणारच. पार्सल घरी नेलं, याला माफी नसते.

"सुलू, मला एक सांग," मी म्हटलं. "याने ते घरी आणलंच का?"

तिने नीलेशकडे बघितलं. त्याने ज्या तऱ्हेने मान खाली घातली, त्यावरून मला उरलेलं कळलं, आणि असा संताप आला की काय सांगू.

६

सोमवारी अगदी सकाळी मी धम्मपालला गच्चीत बोलावलं. सुलू आणि नीलेशलाही. हंसाबेन पापड घेऊन अगोदरच हजर होत्या, त्यांना कोण हलवणार!

"धम्मपाल," मी म्हणाले, "ओटीपीशिवाय डिलिव्हर्ड होत नाही. शनिवारी तू कल्याणला. ओटीपी तुझ्या मोबाईलवर. मग तो नीलेशला कुणी दिला?"

तो गच्चीच्या कठड्याकडे वळला.

"फोनवर मीच दिला," तो पुटपुटला. "म्हटलं, सुलूताईंचा मुलगा आहे, घरचाच आहे. वॉचमनकडे ठेवू नको, तुझ्याकडे ठेव, सकाळी आणून दे."

"आणि काल सकाळी ते बोलला नाहीस."

"ताई, तक्रारच घेतली नसती कंपनीने! मंडळाला काय सांगणार होतो? सगळ्यांनी माझ्यावर विश्वास टाकला होता. मला वाटलं, कंपनी नवीन आरसा पाठवेल, मिटून जाईल. याच्यावर येईल असं..."

"असं वाटलं नाही? मास्तर आहेस तू! पोराचा आयडी गेला तेव्हा तरी वाटायचं होतं."

त्याचे डोळे भरले. भरू देत. मला दया येत नव्हती त्या क्षणी.

"आता नीट ऐक. मी जन्मभर हेच केलंय. ओटीपी दिलास तिथे डिलिव्हरी संपली. त्या मिनिटापासून दुर्बीण तुझी. तू ती तुझ्या ओळखीच्या घरी ठेवायला दिलीस, तुझ्या सांगण्यावरून. तिथे ती एका बाईच्या हातून चुकून पडली. यात कुरिअर नाही, चोरी नाही. तुझी तक्रारच खोटी आहे. गोडाऊनला फोन लाव. आत्ता, माझ्यासमोर."

"बाईच्या हातून? कुठल्या..." त्याने सुलूकडे बघितलं. तिने हात जोडले. मी थोडक्यात सांगितलं. संकष्टी ऐकल्याबरोबर त्याची मान ताठ झाली. "म्हणजे ह्या उपासापायी? ताई, हेच! ह्याच अंधश्रद्धेविरुद्ध मी पोरांना..."

"गप रे!" मी ओरडले. "तिने चंद्र बघायला उघडली. तू कशाला मागवली होतीस?"

हंसाबेनचा पापड हातातच राहिला.

धम्मपालने फोन काढला. बोलला सगळं. माल नीट मिळाला होता, ओटीपी मी दिला, घरी ठेवायला मी सांगितलं, तक्रार मागे घेतोय, मुलाची चूक नाही. पलीकडचा माणूस बराच वेळ खेकसत होता. मग म्हणाला, पाठवा त्याला. ताकीद मिळणार होतीच. पण आयडी आणि गाडी परत देणार होते.

नीलेश जिना उतरायला लागला आणि मधूनच परत वर येऊन आईच्या पाया पडला. सुलू त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. बिचारीचं तोंड एवढंएवढंसं झालं होतं. दोन दिवसांत केळी आणि चहा.

"सुलूताई," धम्मपाल म्हणाला, "जरा इकडे येता?"

दुर्बिणीच्या बाजूला लावायची छोटी नळी शाबूत राहिली होती, ती तो खिशात घालून फिरत होता कालपासून. त्याने ती काढली आणि पश्चिमेकडे, उत्तनच्या बाजूला बोट दाखवलं. निळ्या आकाशात अर्ध्याहून बराच मोठा, पुसट पांढरा चंद्र होता.

"दिवसा?" सुलूने डोळ्यांवर हात धरला. "दिवसा चंद्र?"

"संकष्टीनंतरचा सकाळी उशिरापर्यंत असतो आकाशात. पुढचे काही दिवस रोज असतो. आपण वर बघत नाही." त्याने नळी तिच्या हातात दिली, तिची बोटं धरून नीट बसवली. "या बाजूने बघायचं. बारीक बाजूने. पडली तरी चालेल."

तिने एक डोळा मिटला. नळी हलत होती. मग हलायची थांबली. तिच्या ओठांची हालचाल होत होती, काय म्हणत होती कुणास ठाऊक. हंसाबेन न सांगता खाली गेल्या आणि डिशमध्ये गरम थेपले घेऊन आल्या.

"ताई," सुलू नळी न काढताच म्हणाली, "उलटा दिसतोय ओ."

"उलटाच दिसतो यातून," धम्मपाल म्हणाला.

"दिसू दे," मी म्हटलं. "दिसला ना? मग जेव आता."